दाजींचं बिनआवाजी मशीन

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, कॉम्प्युटरवरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गेमची सुरुवात तोंडपाठ आहे. शेवट मात्र एकाचाही माहीत नाही.

याचं कारण त्यांच्या कामात आहे. आमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकान बाबांचं, घरही बाबांचं. पुढे काचेचा काउंटर आणि त्यामागे बाबा. काउंटरच्या मागे एक दार, आणि दारापलीकडे खिडकी नसलेली खोली. त्या खोलीत दाजी गिऱ्हाईकांची मशीनं जोडतात. मशीन जोडून झालं की ज्याचं त्याला दिलं असं करत नाहीत. गिऱ्हाईक जो गेम खेळणार असेल तोच गेम त्यावर लावतात आणि स्वतः थोडा खेळून बघतात. चित्र अडखळतं का, चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड किती तापतं, पंखे कधी ओरडायला लागतात, हे सगळं त्यात कळतं. समाधान झालं की मशीन बंद, खोक्यात थर्मोकोल, वरून चिकटपट्टी. दुसऱ्या मशीनवर दुसरा गेम, पुन्हा सुरुवातीपासून.

त्यातल्या एका गेमवर त्यांचा विशेष जीव. फार मारामारीचा गेम नाही तो. एका लाकडी धक्क्याला होडी बांधलेली असते. एक म्हातारी येते, काही न बोलता दोर सोडते, आणि आपण नदीला लागतो. पुढे पहिलं वळण येतं, धबधब्याचा आवाज यायला लागतो. दाजी इथवर किती वेळा आले असतील याची गणतीच नाही. पाण्यावरचं ऊन आणि झाडांच्या सावल्या कार्डाचा घाम काढतात, म्हणून टेस्टिंगला तो गेम उत्तम. वळण पार झालं, कार्ड टिकलं, की बंद.

ती नदी समुद्राला मिळते असं सगळे म्हणतात. मशीन नेलेली पोरं परत आली की काउंटरवर हात टेकून पुढचं सांगायला लागतात, आणि दाजी हातातला स्क्रू ड्रायव्हर वर करून त्यांना थांबवतात. "सांगू नका. मी जाणार आहे."

जाणार कशावर, हा प्रश्न होता. कारण दाजींकडे स्वतःचं मशीनच नव्हतं.

दाजी घरजावई. मी शिकून नोकरीला बाहेर गेलो, दुकानात बसणार नाही हे घरात उघड झालं, आणि त्याच सुमारास ताईचं लग्न ठरलं. दाजी तेव्हा दुसऱ्या गावात एका दुरुस्तीच्या दुकानात होते. बाबा मुलगा बघायला गेले आणि त्याचं सोल्डरिंग बघून आले. बाबांना जावई नव्हे, कारागीर पसंत पडला, असं ताई अजून म्हणते. दाजी मला चिडवायचे, "तुझा सॉकेट रिकामा होता, पिना मोजून मला बसवलंय." हसत म्हणायचे.

बाबा वाईट वागतात असं कुणीही म्हणणार नाही. दाजींना "जावईबापू" म्हणतात, अहोजाहो करतात, पहिली पोळी त्यांच्या ताटात वाढायला लावतात. पण टीव्हीवर काय लागणार, पंखा कितीवर फिरणार, दिवा कधी मालवायचा, हे बाबा ठरवतात. दाजी खुर्चीतून उठताना खुर्ची उचलून मागे ठेवतात, सरकवत नाहीत. जिना उतरताना कडेकडेने उतरतात, मधली पायरी करकरते म्हणून. ताई एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "ह्या घरात ह्यांची एकच वस्तू आहे, दाराशी चप्पल. ती पण येता-जाता कुणीतरी बाजूला सारतं."

स्वतःचं मशीन जोडायला त्यांनी याआधी सुरुवात केली नव्हती असं नाही. पण दुकानात जोडलेली वस्तू दुकानात टिकत नाही. एकदा अर्धं झालं आणि एका गिऱ्हाईकाला घाई होती, तर रॅम त्याच्या मशीनला गेल्या. एकदा कार्ड आलं होतं, तेही बाजारात मिळत नसताना. बाबांनी काउंटरवरून नुसतं आत पाहिलं, आणि दाजींनी स्वतःच ते खोकं पुढे आणून दिलं. मी विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक दाराशी उभं होतं रे. माझं काय, उद्याही चालेल."

यंदा ऑफिसने घरून काम करायची मुभा दिली म्हणून मी बरेच दिवस घरी राहिलो. आल्या आल्या ठरवलं की या खेपेला दाजींचं मशीन झालंच पाहिजे, आणि पार्ट माझ्या नावावर मागवायचे, म्हणजे ते दुकानाचे होणारच नाहीत. पैसे दाजींचे, नाव माझं. बाबा एवढंच म्हणाले की आणा, नाही लागलं तर काउंटरवरून विकलं जाईल.

आता खरं काम उरलं, ते म्हणजे काय घ्यायचं हे ठरवणं. हे काम दाजी रोज करतात. आलेला माणूस कार्डाचं नाव घेऊन येतो, कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलेलं. दाजी ते ऐकून घेतात आणि मग तीन प्रश्न विचारतात. खेळणार काय, बघणार किती मोठ्या स्क्रीनवर, आणि मशीन ठेवणार कुठे. पहिल्या दोन प्रश्नांत कार्ड ठरतं, कार्ड ठरलं की त्याला उपाशी न ठेवणारा प्रोसेसर ठरतो, आणि तिसऱ्या प्रश्नात कॅबिनेट, पंखे आणि बाकी सगळं. कपाटात कोंबून ठेवणाऱ्याला ते तापणारं कार्ड देतच नाहीत. लोक उलटं करतात. आधी दिव्यांचं कॅबिनेट आवडतं, मग त्यात मावेल ते कोंबतात, आणि मग गेम अडखळला की दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतात.

दुपारी दुकान बंद असताना मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो आणि त्यांचेच प्रश्न त्यांना विचारले.

खेळणार काय? नदी. हे उत्तर प्रश्न संपायच्या आत आलं.

स्क्रीन? दुरुस्तीच्या टेबलावरची आहे तीच, मधल्या आकाराची, चांगली आहे. म्हणजे कार्ड फार वरचं लागत नव्हतं. तरी मी एक पायरी वरचं सुचवलं. ते म्हणाले, वरचं कार्ड जास्त वीज खातं, जास्त तापतं, पंखे जोरात फिरतात, कशाला? ठीक.

मग मी तिसरा प्रश्न विचारला. मशीन ठेवणार कुठे?

दाजी टेबलावरच्या स्क्रूंची वाटी हलवायला लागले. वरच्या पुढच्या खोलीत बाबांचा टीव्ही. झोपायच्या खोलीत ताईचं शिलाई मशीन आणि भाचीचं अभ्यासाचं टेबल. मधल्या बोळात बुटांचं कपाट आणि बाबांची आरामखुर्ची. मी एकेक जागा सुचवत गेलो आणि ते मान हलवत गेले. माझी जुनी खोली रिकामीच असते की, मी म्हणालो. "ती तुझी आहे," ते म्हणाले. बाबांनी तिथली गादीसुद्धा हलवलेली नाही, वर्षभर ती खोली माझी वाट बघत असते, आणि जो माणूस घरात राहतो त्याला त्या खोलीत टेबल टाकायचं धाडस होत नाही.

शेवटी उरली ही खोली. खोक्यांच्या राशीमागे, दुरुस्तीच्या टेबलाखाली.

जागा ठरल्यावर त्यांचं तोंड उघडलं. कॅबिनेट बंद हवं, काच नको. आतून कापसासारखं अस्तर असलेलं, आवाज गिळणारं. पंखे मोठे, पण सावकाश फिरणारे. पॉवर सप्लाय गरजेपेक्षा बराच मोठा. मी म्हटलं, गिऱ्हाईकाला तर तुम्ही वॉट वाढवू नका, दर्जा बघा म्हणून सांगता. तर म्हणाले की मोठ्या सप्लायवर भार कमी पडतो आणि त्याचा पंखा फिरतच नाही. हार्ड डिस्क बिलकूल नको, तिची किरकिर ऐकू येते, सगळं एसएसडीवर. रॅम साध्या, पण दोन, एकच मोठी नको, जोडीने चांगल्या पळतात. दिवा कशालाच नको. पुढच्या बटणात एक बारीक निळा दिवा असतो, त्याची वायर ते लावणारच नव्हते.

यूपीएस मी न विचारता लिहिला. प्रत्येक गिऱ्हाईकाला दाजी यूपीएस गळ्यात मारतातच, आणि खेळाची एक प्रत दुसरीकडे ठेवा म्हणून बजावतात. त्यांनी तो काढायला लावला.

"का?"

"वीज गेली की टूं टूं करतो."

मी सगळं पुन्हा वरून खाली वाचलं आणि मग लक्षात आलं. नदी, पाणी, सावल्या राहिल्या बाजूला. प्रत्येक वस्तू एकाच गोष्टीसाठी निवडलेली होती, मशीन चालू आहे हे कुणाला कळू नये म्हणून. मी म्हणालो, "दाजी, तुम्ही मशीन जोडत नाही आहात, चोरी जोडताय." ते खूप हसले. पण एकही वस्तू बदलली नाही.

पार्ट आले. आठवडाभरात मशीन उभं राहिलं. मी इंजिनिअर माणूस, रोज कॉम्प्युटरमध्येच असतो, पण इतकं शांत मशीन मी पाहिलं नव्हतं. बटण दाबल्यावर मी कॅबिनेटला कान लावला, तर आत काही नव्हतं. स्क्रीनवर मात्र धक्का, होडी आणि ती म्हातारी.

दाजींनी हेडफोन चढवले. म्हातारीने दोर सोडला. पहिलं वळण आलं, धबधबा ऐकू आला असावा, कारण त्यांचा हात सवयीने बंद करायला गेला. मग तो हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि होडी पुढे गेली.

त्यानंतर रोज दुपारी हा क्रम झाला. दुपारी दुकान बंद असतं. बाबा वर जाऊन जेवतात आणि आडवे होतात. दाजी अगोदर जाऊन चार घास खाऊन यायचे आणि खोक्यांमागे बसायचे. काम आहे म्हणायचे. संध्याकाळी जिन्यात भेटले की हळूच मला सांगायचे की आज दरी लागली, आज दलदल, एका बेटावर कुणीतरी शेकोटी सोडून गेलेलं होतं. मी तो गेम पूर्वीच संपवलेला, मला सगळं माहीत, पण मी नुसता हं हं करायचो. एकदा ताई म्हणाली, "हे हल्ली झोपेत हसतात. काय खायला घालतोस रे ह्यांना?"

इथे बाबांची एक सवय सांगायला हवी. फार पूर्वी एका दुपारी दुकानात वायरीने पेट घेतला होता. तेव्हापासून दुपारी वर जाताना बाबा अख्ख्या दुकानाचा मेन स्विच खाली पाडतात. आत एखादं मशीन टेस्टिंगला लावलेलं असेल तर तेवढा मेन चालू ठेवायचा. ते बघायला बाबा आत जात नाहीत. गुडघे साथ देत नाहीत आणि खोक्यांतून वाट नाही. ते आतल्या दाराशी उभे राहतात आणि कान देतात. पंख्यांची घरघर आली तर मेन तसाच. शांत असेल तर खाली. इतकी वर्षं हा हिशेब कधी चुकला नव्हता, कारण दुकानात असं मशीन कधी नव्हतंच जे चालू असून गप्प बसेल.

दाजी आत असले की बाबांची चाहूल लागताच "आहे मी" म्हणायचे. त्या दिवशी ते लवकर खाली आले होते, होडी बरीच पुढे गेली होती, आणि तेवढ्यात ताईने वरून हाक मारली. पाण्याच्या टाकीचा पाईप निसटला होता. गेम चालूच ठेवून ते वर धावले. मी जिन्यात होतो. मला म्हणाले, "पक्षी दिसायला लागलेत, पांढरे. समुद्रच असणार, हो ना? नको, सांगू नकोस."

ते पाईप धरून गच्चीवर उभे होते तेव्हा बाबांनी काउंटर आवरला, आतल्या दाराशी जाऊन कान दिला आणि मेन पाडला.

प्रवास कुठवर आला याची नोंद तो गेम अधूनमधून आपणच लिहीत असतो. वीज नेमकी ती लिहिताना गेली. परत चालू केल्यावर त्याने सांगितलं की आधीचा प्रवास वाचता येत नाही. मी माझं सगळं शिक्षण पणाला लावलं. फाईल उघडून बघितली, मागची प्रत शोधली, अर्धी दुपार घालवली. फाईलचा पुढचा भाग नुसती शून्यं होती. दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. दाजी शेजारी स्टुलावर बसून माझं काम असं बघत होते जसं ते गिऱ्हाईकाचं मशीन असावं.

"राहू दे," ते म्हणाले.

मी म्हणालो, मी जाऊन बाबांना सांगतो, यापुढे विचारल्याशिवाय मेन पाडायचा नाही. त्यांनी माझा दंड धरला. बाबांचं काय चुकलं, म्हणाले. दाराशी आले होते, ऐकलं होतं. ऐकू येईल असं आपणच काही ठेवलं नव्हतं. स्क्रीनवर धक्का होता आणि होडी बांधलेली होती. दाजींनी खेळ पुढे चालू केला नाही. मशीन बंद केलं, पण ते बंद झालं की नाही हेही कळलं नाही, इतकं ते मुकं होतं.

पुढचे बरेच दिवस ते खोक्यांमागे गेले नाहीत. दुपारी वर येऊन बाबांच्या बाजूला बसून टीव्ही बघायचे. बाबा झोपले की आवाज कमी करायचे, बंद नाही करायचे, कारण बंद केला की बाबा जागे होतात. एक गिऱ्हाईक नदीच्या गेमसाठी मशीन बघायला आलं तर दाजींनी टेस्टिंगला दुसराच गेम लावला. मग एक दिवस बाबा जेवताना सहज म्हणाले की ते टेबलाखालचं मशीन नुसतंच पडून आहे, काउंटरवर ठेवायचं का, कालच एक जण तसलंच विचारत होता. विचारलं माझ्याकडे बघून, पार्ट माझ्या नावावर होते म्हणून. मी दाजींकडे पाहिलं. त्यांचं लक्ष ताटात. ताईचा हात वाढता वाढता थांबला. मला वाटलं, आता "उद्याही चालेल" येणार, आणि मशीन काउंटरवर जाणार.

दाजी म्हणाले, "बघतो," आणि हात धुवायला उठले. खुर्ची उचलायला विसरले. ती फरशीवर करकरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आत बोलावलं. मशीन टेबलावर उघडं होतं. आतलं अस्तर त्यांनी सोलून काढलं होतं, कॅबिनेटची एक बाजू काढून तिथे काच बसवली होती. खालच्या फळीवरून त्यांनी पंख्यांची एक जोडी काढली. हे पंखे आमच्याकडे कायमचे पडून असतात, कारण जो घेतो तो दोन दिवसांत परत आणून देतो, एवढा त्यांचा कल्ला. ते त्यांनी पुढच्या बाजूला घट्ट कसले. मग मला काउंटरच्या कपाटातून लाल दिव्यांची पट्टी आणायला सांगितली. यूपीएसही आला, टेबलावर, समोर दिसेल असा. मी स्क्रू देत गेलो आणि ते कसत गेले.

दुपारी बाबांनी काउंटर आवरला. मी शटरपाशी उभा होतो. आतून विमान उडावं तसा आवाज येत होता आणि खोक्यांच्या फटींतून लाल उजेड बाहेर पडत होता. बाबा दाराशी गेले. कान द्यायची गरज नव्हती.

"काय सर्कस आणलीय ही? कुणाचं मशीन?"

"माझं," आतून दाजी म्हणाले.

"टेस्टिंग चाललंय?"

पंख्यांच्या आवाजात उत्तर मला नीट ऐकू येईना, म्हणून मी दोन पावलं पुढे गेलो. दाजींनी हेडफोन गळ्यात उतरवले होते आणि उठून उभे राहिले होते. उभे राहिले म्हणून खोक्यांच्या वर त्यांचं डोकं दिसलं.

"नाही बाबा. खेळतोय."

बाबा तसेच उभे राहिले. त्यांचा एक हात मेनच्या दांड्याजवळ होता, सवयीने गेलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी भाषांतर करून सांगणार होतो. मग दाजींकडे. विकायच्या मशीनचं त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी काउंटरवरच्या रिकाम्या जागेकडेही एकदा पाहिलं. दाजी अजून उभेच होते, आणि त्यांचे कान त्या दिव्यांहून लाल झाले होते.

"कान फुटतील अशाने," बाबा म्हणाले. हात खाली घेतला. मग बाहेर येऊन रोजच्यासारखं, न विचारता, शटर ओढलं, आणि ते पार जमिनीला टेकवलं. दाजी आत, बंद दुकानात, खिडकी नसलेल्या खोलीत. शटरच्या कडेच्या फटीतून लाल रेघ तेवढी बाहेर येत होती. जिन्यापाशी बाबांनी मला विचारलं, एवढा मोठा माणूस काय खेळतो? मी म्हणालो, होडी चालवतात. ते मधल्या पायरीवर थांबले, ती करकरली, आणि मग वर गेले.

मी आता परत नोकरीच्या गावी आलोय. माझ्या खोलीतलं बाकी सगळं होतं तसंच ठेवून आलो, पण येताना गादी गुंडाळून भिंतीला लावली आणि मधे टेबलापुरती जागा केली. दाजींनी ती बघितली आहे, मशीन मात्र अजून वर नेलेलं नाही. दुपारच्या दुपारी, जेवढं दुकान बंद तेवढीच नदी. गिऱ्हाईक शटर वाजवतं तेव्हा होडी जिथे असेल तिथे थांबवून उठावं लागतं.

काल दुपारी फोन केला. पंख्यांमुळे ते ओरडून बोलत होते. कुठवर आलात, मी विचारलं. पुन्हा पांढरे पक्षी दिसायला लागलेत म्हणाले. पुढचं मी सांगितलं नाही. त्यांच्या मागून बाबांचा आवाज आला. "जावईबापू, शटर ओढू का?"